अडीच एकरांची धास्ती

भिलाईला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, "भट्टीतून लोखंड ओतताना पाहिलं का?" नाही पाहिलं. तीन आठवडे तिथे राहिले आणि प्लांटच्या फाटकातून आतसुद्धा गेले नाही. मी पाहिलं ते धानाच्या बुंध्याशी, चिखलाच्या वर वीतभर उंचीवर, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. आणि त्याची जेवढी भीती वाटली, तेवढी मला कुठल्याही भट्टीची वाटली नसती.

मी वऱ्हाडातल्या एका कृषी महाविद्यालयात किडींचं शास्त्र शिकवते. माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या मुलखातलं. थोरली बहीण लग्न होऊन मध्यप्रदेशातल्या छत्तीसगढ भागात, भिलाईला गेली, कारण भाऊजी प्लांटमध्ये लागले होते. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर भाऊजींचं कार्ड आलं. भाऊजी एरवी कार्डावर चार ओळींपलीकडे जात नाहीत. या वेळी तीनच होत्या: "धान जळून राहिलं. पाण्यात उभं राहून जळून राहिलं. तू किड्याचं शिकवतं न, एकडाव येऊन पाह्य."

साठलेली रजा दिवाळीच्या सुटीला जोडली आणि निघाले.

कॅम्प-१

ताईचं घर कॅम्प-१ मध्ये, बाजाराला लागून. एका भिंतीपलीकडे आंध्रातलं कुटुंब, दुसरीकडे बिहारमधलं, समोर छत्तीसगढी. सकाळी चार घरांच्या चार फोडण्यांचे वास एकाच बोळात येतात. ताईची मीना शेजारच्या मुलींशी हिंदीत भांडते, आईशी मराठीत रुसते आणि मला म्हणते, "मावशी, तू किती दिवस रुकणार?"

रस्त्यापलीकडे रेशनचं दुकान होतं. तांदूळ यायचा दिवस होता म्हणून सकाळी सहालाच पिशव्या रांगेत ठेवलेल्या. माणसं बाजूला बिड्या ओढत उभी, आणि रांगेत नुसत्या पिशव्या, दगड, एक पालथी बादली. रांग वळून पार सायकलच्या दुकानापर्यंत गेली होती.

"हे पाह्य," भाऊजी चहा ओतता ओतता म्हणाले, "मी आलो तवा रांग त्या खांबापोत राहे. प्लांटनं माणसं आणली. धान कोण आणंन?"

दुपारी ताईबरोबर वैशाली नगरात एका ओळखीच्यांकडे गेले. दोन वर्षांपूर्वी आले होते तेव्हा त्यांच्या मागच्या खिडकीतून धान दिसायचं. आता तिथे विटांचे ढीग, चुन्यानं आखलेले प्लॉट. ओळखीच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "आता मस्त वस्ती होऊन राहिली." मी हो म्हटलं. पण घरी येताना पिशव्यांची ती रांग आणि चुन्याच्या त्या रेघा एकमेकींना लागून दिसायला लागल्या.

हथखोजच्या पलीकडे

भाऊजींनी निवृत्तीनंतरच्या भातासाठी म्हणून अडीच एकर घेतले होते. हथखोजचे कारखाने संपले की पुढे दीड कोसावर खपरीडीह नावाचं गाव आहे, तिथे. कसायचा बिसाहू, अर्ध्या वाट्यानं. म्हणजे अडीच एकरांवर दोन घरं जेवणार: ताईचं आणि बिसाहूचं. बिसाहूच्या घरी सहा तोंडं.

स्कूटरवरून आम्ही हथखोज ओलांडलं. काळा धूर मागे राहिला, मग एकदम धानाचा तो ओला, गोडसर वास. लोंब्या वाकायला लागल्या होत्या, दाण्यातलं दूध घट्ट होत होतं. आणि त्या हिरव्या-पिवळ्या सपाटीवर मध्येच गोल डाग. बैलगाडीच्या चाकाएवढे, काही अंगणाएवढे. आतलं धान वाळक्या गवतासारखं तांबूस, आणि पायाशी घोटाभर पाणी.

बिसाहू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, डोक्याला पंचा. त्यानं नमस्कार केला आणि एवढंच म्हणाला, "देख दीदी, पानी मा ठाढ़े-ठाढ़े बरत हे." पाण्यात उभं राहून जळतंय. भाऊजींच्या कार्डावरचं वाक्य याचंच होतं तर.

मी साडी खोचून बांधीत, धानाच्या वाफ्यात, उतरले. डागाच्या कडेची हिरवी चूड, धानाचा एक झुपका, वाकवून बुंध्यावर थाप मारली. पाण्यावर करड्या कण्या पडल्या, आणि चालायला लागल्या. तपकिरी तुडतुडे. छत्तीसगढीत माहो. एका चुडीवर पन्नासाच्या वर मोजले आणि पुढे मोजणं सोडलं. वर्गात ह्याचं चित्र मी कितीदा काढलं असेल. फळ्यावरचा किडा मारावा लागत नाही.

बिसाहूची बायको फुलबासन धुऱ्यावर शिदोरी सोडून बसली होती. "बासी खाबे दीदी?" रात्रीचा भात पाण्यात घातलेला, वर कांदा आणि लाल मिरचीची चटणी. आमच्याकडे शिळं पाहुण्यापुढे ठेवलं तर सासू महिनाभर बोलेल. इथे ते पाहुण्यालाच आधी. भात गार, किंचित आंबट, उन्हात पोटाला बरा वाटला. खाताना फुलबासन माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी काय सांगते ते भात संपल्यावर सांगेन, असं तिनं समजून घेतलं असावं.

शेजारच्या बांध्यांमध्ये माणसं पंप पाठीला लावून फवारत होती. तोंडाला पंचा, पाय उघडे.

"त्यायनं तीनदा मारलं," भाऊजी म्हणाले. "आपण दोनदा. डबा आणून ठेवला हाय. तिसऱ्यांदा मारू?"

त्या शेतांकडे मी नीट पाहिलं. तीनदा मारलेल्या बांध्यांत डाग आमच्यापेक्षा मोठे होते. मग परत आमच्या चुडीकडे वळले. बुंध्याशी तुडतुडे होते तसे कोळीही होते. लहान, करडे, लांब पायांचे, एकेका चुडीत दोन, तीन. एकानं माझ्यासमोर एक तुडतुडा धरला.

"मारू नका," मी म्हणाले.

मी समजावलं: औषधानं आधी कोळी मरतात. तुडतुड्यांची अंडी पानाच्या बुडाच्या आवरणात सुरक्षित राहतात. आठ दिवसांनी ती फुटतात तेव्हा खायला कोणी उरत नाही. नवं बुटकं वाण, दाट लागवड, वरून युरिया, खाली साचलेलं पाणी, म्हणजे किड्यांसाठी घर बांधून दिल्यासारखं. पाणी काढा. दाट धानात वाफाभर अंतरानं वाटा फोडा, बुंध्याला ऊन लागू द्या. युरिया बंद.

बिसाहूनं शांतपणे विचारलं, "पानी ला निकालबो त धान का पीही?" आणि मग, आवाज न चढवता, "ए साल हमन का खाबो, दीदी?" यंदा आम्ही काय खायचं?

पाऊस संपला होता. काढलेलं पाणी आकाशातून परत येणार नव्हतं. शेताच्या खालच्या अंगाला एक डबरी होती, खणलेला खड्डा. पाणी तिथे सोडायचं आणि लागलं तर उपसून वर घ्यायचं, असं मी म्हणाले. म्हणताना माझ्या लक्षात आलं की हा उपाय मी आयुष्यात एकदाही करून पाहिलेला नाही. वाचला होता. शिकवला होता. परीक्षेत विचारला होता.

बिसाहू बायकोकडे पाहत राहिला. तिनं मान डोलावली. त्यानं कुदळ घेतली आणि धुरा फोडला.

खुंट्या

प्रत्येक डागाच्या कडेला मी बांबूची एक खुंटी रोवली. डाग वाढतो की थांबतो, ते कळावं म्हणून. ही खुंट्यांची कल्पना मला भारी पडली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खुंट्या डागाच्या आत होत्या, डाग त्यांच्या पुढे सरकला होता. मी नव्या रोवल्या. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून, पुरणपोळी न खाता मी सायकलरिक्षानं हथखोजपर्यंत आणि तिथून पायी गेले. त्याही आत. हातभर.

गावातली माणसं धुऱ्यावर येऊन उभी राहायची. कोणी वाईट बोललं नाही. तेच कठीण होतं. एक म्हातारा म्हणाला, याच्या घरी लेकरं आहेत, तुम्ही शिकलेल्या, तुमचा पगार येतो. एवढं म्हणून तो निघून गेला.

त्या दिवसांत मला प्रत्येक ठिकाणी खाणारी तोंडंच दिसायची. बाजारात, बसमध्ये, मीनाच्या शाळेबाहेर. मनात विचार यायचा, मी चुकले तर एक शेत जाईल. पण मी बरोबर असले आणि कोणी ऐकलंच नाही तर? इतकी माणसं, दर वर्षी वाढणारी, आणि जमीन दर वर्षी चुन्याच्या रेघांत जाणारी. उरलेल्या जमिनीत जास्त पिकवायचं म्हणून जे ओतायचं, तेच पीक खातंय. ह्यातून सुटायचं कसं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मी वर्गात सुटका असल्यासारखी शिकवत होते.

फुलबासन मात्र रोज माझ्याबरोबर चुडी झोडायची. तिनं मोजण्याची आपली रीत काढली: माहो असला की डाव्या ओच्यात एक खडा, कोळी असला की उजव्या. चौथ्या दिवशी ती ओरडली, "दीदी, मेकरा बाढ़त हे!" कोळी वाढतायत. मी तिचे खडे पाहिले. उजवा ओचा खरंच जड होता. पण खुंट्या अजून डागाच्या आतच जात होत्या.

घरी भाऊजी जेवताना बोलेनासे झाले. ताई एकदा मला म्हणाली, "शालू, यायले झोप नाही. नुसते छताकडं पाह्यत राह्यतात. तुह्यावर भरोसा हाय त्यायचा, मी इचारलं. मंग कावून असं करून राहिले, कोणाले माहीत."

सायकलवर बिसाहू

दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, मी कपडे वाळत घालत होते. बोळाच्या तोंडाशी बिसाहू सायकलवरून जवळजवळ पडलाच. त्याच्या कॅरियरला औषधाचा डबा बांधला होता.

"साहेब गिर गे," तो म्हणाला. "मुंह ले फेन आत हे." तोंडातून फेस येतोय.

भाऊजी पहाटे पहिल्या पाळीला म्हणून निघाले होते. ते प्लांटला गेलेच नव्हते. खपरीडीहला जाऊन, कोणाला न सांगता, शेजाऱ्याचा पंप घेऊन त्यांनी शेत फवारायला घेतलं होतं. डबरीच्या पाण्यात औषध कालवलं, तिथेच हात धुतले. तोंडाला काही नाही, वारा समोरून. अर्धं शेत झाल्यावर धुऱ्यावर बसले आणि आडवे झाले. बिसाहूनं बैलगाडीत घालून हथखोजला आणलं, तिथल्या एका ट्रकवाल्यानं हॉस्पिटलमध्ये पोचवलं, आणि बिसाहू तिथूनच कोणाची तरी सायकल घेऊन आमच्याकडे आला. डबा आणायचं त्याला सुचलं, म्हणून मी त्याची आजही ऋणी आहे.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, औषध कोणतं? मी डबा पुढे केला. लेबलावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्या औषधानं माणसाचं काय होतं, ते मी दर वर्षी एका तासात शिकवते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. भाऊजींच्या झाल्या होत्या.

इंजेक्शनांवर इंजेक्शनं चालली. ताई बाकावर बसून एकच विचारत होती, "वाचतीन न? शालू, तू शिकवतं न हे? वाचतीन न?" मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. ताई रडायला लागली. भाऊजींनी मला जवळ बोलावलं. आवाज घोगरा, हात कापत होते.

"शालू, मी अर्धंच मारलं वं."

मला राग आवरेना. "कावून मारलं, भाऊजी? मले सांगतलं असतं त?"

"तुह्यावर भरोसा होता. पण त्या खुंट्या... रोज आत. मी डोळे मिटलो का खुंट्याच दिसत. वाटलं, अर्धं तरी वाचवून घेऊ." थोडं थांबून म्हणाले, "बिसाहूचे पोट्टे पाह्यले न तू?"

खुंट्या मी रोवल्या होत्या.

तरियाचं पाणी

मी शेतावर गेले तेव्हा फुलबासननं मला हाताला धरून डबरीकडे नेलं. पाण्यावर बोटाएवढे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. तिनं डबरीभोवती काटे लावले होते, गुरं आणि मुलं येऊ नयेत म्हणून. फवारलेल्या अर्ध्यात चुडीखाली कोळी मरून पडले होते. तिनं ओच्यातून खडे काढले आणि चिखलात टाकून दिले.

आता धानाला पाणी हवं होतं आणि ठेवलेलं पाणी विषारी झालं होतं. गावाची तरिया, म्हणजे तळं, दोन शेतं ओलांडून होती. पण ते पाणी सगळ्या गावाचं, अंघोळीचं, गुरांचं. बिसाहू संध्याकाळी गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर उभा राहिला. मी मागे होते. मला 'तुमचा पगार येतो' म्हणणारा म्हातारा तिथे होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, दोन दिवस घ्या. पण तो डबा पुन्हा पाण्याजवळ दिसला तर गावात पाय ठेवू नका. बोलताना तो माझ्याकडे पाहत होता. मी मान खाली घातली.

पाणी टोपलीनं उपसायचं. दोन बाजूंना दोघं, दोऱ्या धरून टोपली झुलवायची, बुडवायची, फेकायची. बिसाहू आणि फुलबासन एका जोडीला. दुसऱ्या जोडीला मी, आणि समोर कोण, तर ताई. भाऊजींना मीनाच्या स्वाधीन करून आली होती. वीस वर्षं शहरात राहिलेली माझी बहीण पहिल्याच झोल्याला लयीत आली.

"बापाच्या घरी उपसत होतो न," ती म्हणाली. "तू तवा पुस्तक घेऊन बसत जाय."

दोन दिवसांत माझ्या तळहातांवर फोड आले, फुटले. न फवारलेल्या अर्ध्याला आधी पाणी दिलं, उरलं ते फवारलेल्याला. तिसऱ्या दिवशी खुंट्या पाहायला मी जाईना, फुलबासन गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण चालणं वेगळं होतं. न फवारलेल्या बाजूला आठातल्या सहा खुंट्या जागेवर होत्या. दोन आत गेल्या होत्या, चार बोटं.

फवारलेल्या बाजूला सुरुवातीला काहीच नव्हतं. स्वच्छ, एकही माहो नाही. शेजारी म्हणाले, पाहा, औषधच कामी आलं. मीही दोन रात्री तळमळले, आपण चुकलो की काय म्हणून. मग आठव्या-नवव्या दिवशी अंडी फुटली. चार दिवसांत डाग एकमेकांना मिळाले. त्या बाजूचं निम्म्याहून जास्त धान उभ्या-उभ्या गेलं.

मी जिंकले असं कोणी समजू नये. न फवारलेल्या बाजूचेही जुने डाग तसेच होते, पीक उणंच आलं. वारा दुसरीकडून असता, तरिया आटलेली असती, तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

दोन ढीग

दिवाळीच्या आदल्या दिवशी मळणी झाली. भाऊजी स्कूटरच्या मागे बसून आले, चालवली शेजारच्या आंध्रवाल्यांनी. हात अजून कापतच होते. डॉक्टर म्हणाले होते, कमी होईल. पूर्ण जाईल असं म्हणाले नव्हते.

खळ्यावर दोन ढीग पडले. एक न फवारलेल्या बाजूचा, बऱ्यापैकी. दुसरा फवारलेल्या बाजूचा, त्याच्या निम्मादेखील नाही. रिवाजाप्रमाणे प्रत्येक ढिगाचे दोन वाटे व्हायचे. बिसाहूनं माप हातात घेतलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "थांब. मोठा ढीग तुहा. हा लहान माहा. जिथं मी मारलं ते माहं."

बिसाहू नको म्हणाला. पुन्हा नको म्हणाला. भाऊजींनी ऐकलं नाही. फुलबासननं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मोठ्या ढिगाशी जाऊन बसली.

ताईनं लहान ढिगातले दाणे ओंजळीत घेतले, वास घेतला, जिभेवर ठेवायला गेली आणि थांबली. दाणा घट्ट होत असताना त्याच्यावर ते औषध पडलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"शालू, हे पोरीले खाऊ घालू का?"

भाऊजी म्हणाले, "नको घालू. बाजारात देऊन टाकू."

"आपल्या पोरीले चालत नाही, ते दुसऱ्याच्या पोरीले कसं चालते?" ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मग पुन्हा मला, "सांग न. तू शिकवतं न हे."

मला काय काय ठाऊक होतं! किती दिवसांत औषधाचा किती अंश उतरतो, ऊन, पाऊस, दव. पुस्तकांत सगळं होतं. पण त्या पंपात भाऊजींनी कापऱ्या मनानं किती औषध ओतलं होतं, आणि ह्या ढिगातल्या ह्या दाण्यात किती उरलं होतं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"मले माहीत नाही, ताई," मी म्हणाले.

"तुले माहीत नाही," ती हळू म्हणाली, "त मंग कोणाले माहीत हाय?"

दूर हथखोजकडून पाळी सुटल्याचा भोंगा आला आणि थांबला.

मग ताईनं ओंजळ ढिगावर रिकामी केली, लुगड्याला हात पुसले, पोतं उघडून उभं केलं. "खाणार नाही न विकणार नाही," ती म्हणाली. "बी म्हणून ठेवू. पेरू. त्याचं जे पिकंन, ते खाऊ." भाऊजींनी पोत्याचं तोंड धरलं. ते इतकं हलत होतं की पहिल्या सुपातले दाणे बाहेर सांडले, आणि आम्ही तिघं खाली वाकून एकेक वेचू लागलो.